मागची सीट परत दे

इंदूर,
16 नोव्हेंबर 2025

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो, म्हणून उचलला नाही. नंतर मुद्दामच केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून हे पत्र. वीसेक वर्षांनी हातानं लिहितोय, अक्षर लावून घे. शेवटी एक मागणं आहे, ते आधी वाचू नकोस.

पद्मिनी रस्त्यावर आली. हो, आपली पिवळी, जिला आपण हवाईपट्टीवरच्या सरळ शर्यतीसाठी बदललं होतं. आता पांढरी आहे. आरसी बुकात बाबांच्या वेळेपासून पांढराच रंग लिहिलाय आणि आपण पिवळा मारला तेव्हा नोंद करायची कुणाला सुचली होती? 1981 ची गाडी, दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची, तपासायला उभी करायची. तिथं रंगावरून वाद घालण्यापेक्षा पेंटरला पैसे दिलेले बरे.

सुरुवात आषाढात झाली. कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी चालू केली. म्हटलं, रात्री सराफ्यापर्यंत जाऊन यावं, भुट्ट्याचा कीस खावा. राजवाड्याशी वळलो आणि मागचं आतलं टायर असं किंचाळलं की दहीवड्यापाशी उभी माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या वळणावर खालून कट्‌कन आवाज. हाफ शाफ्ट तुटला. अकरा-साडेअकराची वेळ, पाऊस भुरभुरतोय, गाडी रस्त्याच्या मधोमध आणि सहा अनोळखी माणसं "लगाओ भिया, जोर लगाओ" करत ढकलतायत. एकानं तेवढ्यात फोटोही काढला. सकाळी आपल्या जुन्या उस्तादाकडे नेली. तो खाली वाकला, डिफरन्शियल उघडलं आणि तुझं वेल्डिंग बघून म्हणाला, "भिया, इसको तो सीधा जाना आता है, मुड़ना किसी ने भुला दिया."

किसी ने म्हणजे तू. मी टॉर्च धरून उभा होतो, एवढाच माझा वाटा.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं आणि दोघांना वेगवेगळं फिरू देणं एवढंच डिफरन्शियलचं काम. आपण ते आतले गिअर वेल्ड करून दोन्ही चाकं एका दांड्याला बांधल्यासारखी केली. 402 मीटर सरळ जायचं असेल तर उत्तमच, एकच चाक जागच्या जागी फिरून धूर काढत बसत नाही, दोन्ही मिळून ढकलतात. पण वळणावर एका चाकाला फरफटावंच लागतं. ते जमलं नाही की शाफ्ट पिळवटतो. हवाईपट्टीवर वळण नव्हतं, म्हणून वीस वर्षं कळलं नाही. तर पहिलं काम हे की आख्खं डिफरन्शियल बदललं. एका जुन्या टॅक्सीचं मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात संपल्या, त्यांचं सामान अजून कुठूनकुठून फिरत येतं.

मग लक्षात आलं की आपण या गाडीचं जे जे केलं होतं ते सगळं त्या 402 मीटरच्या 17.8 सेकंदांसाठी होतं. अठराव्या सेकंदाला काय होईल याचा विचारच नव्हता. रेडिएटरचंच बघ. पंखा ताकद खातो म्हणून आपण तो काढून फेकला. सतरा सेकंदांत पाणी तापायच्या आत शर्यत संपते आणि मग बॉनेट उघडून बसायचं. आता ही गाडी बंगाली चौराह्याच्या जाममध्ये वीस मिनिटं उभी करून बघ! पहिल्याच दिवशी काटा लालमध्ये. पंखा परत बसवला, त्याच्याभोवतीची पत्र्याची काउल नव्यानं करून घेतली (काउल नसेल तर पंखा आजूबाजूची गरम हवाच ओढत राहतो), थर्मोस्टॅट टाकला. आता रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या मिरवणुकीत अडकली तरी उकळणार नाही. त्या दिवशी गाडी बाहेर काढण्याइतका मात्र मी वेडा नाही.

इंजिनाशी सगळ्यात जास्त दिवस गेले. हेड लेथवर घासून घासून आपण कॉम्प्रेशन दहाच्या वर नेलं होतं, आठवतं? आणि त्या शर्यतीला डब्यातून वेगळं पेट्रोल नेलं होतं. पंपावरचं घातलं तर चढावर खडखड खडखड, डब्यात खिळे हलवल्यासारखं. ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन पाहिलं. खडखड थांबली, दमही गेला. शेवटी दुसरं हेड शोधलं, न घासलेलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो, त्या खडखडीला, म्हणजे नॉकिंगला, ते बरंच. पण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं आणि गाडी सकाळी शिंकत बसते. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा घातल्यावर थांबली. इथेनॉल जुन्या रबरालाही खातं, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचं डायफ्रॅम बदललं. हे तू तुझ्या स्कूटरचंही बघ, हसू नकोस.

कॅमशाफ्ट काढताना मला खरंच वाईट वाटलं. तो तू रात्रभर बसून कोरून आणला होतास. पण बंड्या, चार हजार आरपीएमच्या खाली त्यात काही नाही रे. सिग्नलला थरथरत उभी, पुढचा रिक्षावाला आरशातून बघतोय, आणि हिरवा झाला की एकतर बंद पडणार नाहीतर उडी मारणार. भरीला आपण फ्लायव्हीलही, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, तासून हलकं केलेलं. हलकं फ्लायव्हील चटकन फिरतं आणि चटकन थांबतंही. जडात फिरण्याचा साठा असतो, म्हणून हाफ क्लचवर बैलगाडीच्या मागं चालता येतं. मूळचं जड फ्लायव्हील माझ्याचकडे होतं. घरचे त्याचा पापडावर वजन म्हणून वापर करत होते.

तू म्हणशील, वाघाची शेळी केली. मला वाटलंच होतं. पण आपली पद्मिनी म्हणजे मुळात फियाट 1100, आणि फियाटनं स्वतःच 1953 साली याच 1100 ची टी.व्ही. काढली होती, तुरिस्मो वेलोचे, म्हणजे वेगवान प्रवासी गाडी. साध्या गाडीला छत्तीसेक अश्वशक्ती, हिला पन्नासच्या घरात. होती घरचीच गाडी, फक्त पाय दिला की बरी धावणारी. मी तेवढंच डोळ्यासमोर ठेवलंय. म्हणून तू वाकवलेला एक्झॉस्टचा हेडर ठेवला, मागे मात्र नीट सायलेन्सर लावला. आवाजापायी इथं पोलीस गाड्या अडवतात, आणि खरं सांगू, मलाही आता तो आवाज डोक्यात जातो. शिवाय होळकरांच्या गावात वेगवान गाडीला कमीपणा कशाला? 1935 च्या सुमाराला इथले महाराज यशवंतरावांनी अमेरिकन ड्युसेनबर्गवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली होती. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यात आता कस्टम आणि जीएसटीचं ऑफिस आहे. वेगाचं पुढे काय होतं ते बघ!

गाडीच्या आतला पाइपचा तो पिंजरा मी काढला, यावर भांडू नकोस. हेल्मेट घालून, पाच ठिकाणी अडकणाऱ्या पट्ट्यात आवळून बसला असशील तर तो पिंजरा जीव वाचवतो. उघड्या डोक्यानं साधी टक्कर झाली तरी डोकं आधी त्या लोखंडावरच आपटतं. शाळेतून येणाऱ्या पुतण्याला मी त्याच्याखाली बसवणार होतो का? आता साधे तीन ठिकाणी अडकणारे पट्टे आहेत. ॲक्रिलिकच्या खिडक्या गेल्या, खऱ्या काचा आल्या. स्लिक टायरही गेले. पावसात त्यांच्याखालचं पाणी जायला खाचाच नसतात, गाडी होडीसारखी तरंगते.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तू लावलेल्या पट्ट्याही काढल्या. एक्सल पिळू नये म्हणून त्या ठीक होत्या, पण एबी रोडवरच्या खड्ड्यात कंबर मोडायची. पुढच्या स्प्रिंगा आपण मऊ आणि उंच ठेवल्या होत्या, नाक वर आणि वजन मागच्या चाकांवर. ब्रेक दाबला की तेच नाक जमिनीत जायचं. त्या मूळ मापाच्या केल्या, वळणावर गाडी कलू न देणारा पुढचा अँटीरोल बार परत बांधला. ब्रेकचे लायनर शर्यतीचे कडक होते, तापल्याशिवाय धरायचेच नाहीत. म्हणजे पहिली टक्कर फुकट. मऊ घातले. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, हँडब्रेक, स्टेपनी, यांचं काय सांगायचं, सियागंजात पंधरा फेऱ्या झाल्या.

एकानं सल्ला दिला, व्हिंटेजमध्ये नोंदव, मान असतो. 2021 च्या नियमांनी त्याला पन्नास वर्षं पूर्ण लागतात. आपली 2031 ला होईल. तरी वीस हजार भरून काय मिळणार? रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची. रोज चालवायची मुभा नाही. मग एवढं सगळं कशाला केलं?

गेल्या रविवारी पहिल्यांदा लांब काढली. सकाळी पोहे-जिलबी, मग सुपर कॉरिडॉरवरून विमानतळापर्यंत. रस्ता मोकळा होता, सरळ होता, आणि खोटं कशाला सांगू, पाय खाली गेला. ऐंशीला सोडला. शेजारून एक पोरगा नव्या गाडीतून अंगठा दाखवून गेला आणि दोन मिनिटांत ठिपका झाला. मला काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

आई पुढे बसली होती. तिला पुढे बसवत नाही, गुडघे लांब करायला मागची आडवी सीट लागते. बाबा चालवायचे तेव्हाही ती मागेच बसायची, खिडकीशी, पिशव्या मांडीवर. आणि मागं सध्या नुसता पत्रा आहे. त्यावर मी सतरंजी घातलीय.

तर मागणं हे. तुझ्या हॉस्टेलच्या खोलीत, मग सदाशिव पेठेत, आणि वहिनी सांगत होत्या की आता तुझ्या बाल्कनीत, सोफा म्हणून जे आहे ते आमच्या पद्मिनीची मागची सीट आहे. गाडी हलकी करायला आपण काढली आणि तू "दोन दिवस नेतो" म्हणालास. स्प्रिंगा बऱ्या असल्या तर रेक्झीन मी बघतो, फाटलं असलं तरी चालेल. खालची आणि पाठीची, दोन्ही पाहिजेत. पाठीमागच्या दोन लोखंडी कड्या तोडल्या नसशील तर सोन्याहून पिवळं. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या टपावर टाक, गोणपाटात बांधून, प्लॅस्टिक वर घाल. किंवा दिवाळीला आला नाहीसच, तर आता तिच्यावर बसून ये.

वहिनींना नमस्कार. बाल्कनीसाठी मी इथून बसायला वेताचा मोढा पाठवतो, त्यांना रंग विचारून ठेव.

तुझा,
पम्या