कारणांचा रकाना

प्रिय मंदार,

इतके दिवस पत्र नाही म्हणून चिडला असशील. चीड, हक्क आहे तुझा. तब्येत ठीक, पाठही आता कुरकुरत नाही. पण जे झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझ्या प्रबंधाच्या बांधकाम साइटवर ग्लेन बॅलार्डची लास्ट प्लॅनर पद्धत चालू आहे, हे तुला ठाऊक आहे. फोरमन आठवड्याची कामं स्वतः कबूल करतो, शनिवारी पूर्ण झालेल्यांची टक्केवारी निघते, राहिलेल्यांपुढे कारण लिहायचं. माझा जीव त्या कारणांच्या रकान्यात. ‘सुधारित ड्रॉइंग आलं नाही.’ ‘स्लीव्हची (पाइप जायच्या भोकाची) जागा ठरली नाही.’ ‘हवेचा डक्ट आणि बीम एकाच लेव्हलला.’ कामं अडतात स्लॅबवर, पण अडवलेली असतात ड्रॉइंगच्या टेबलावर. हे कागदावर इतकं स्पष्ट मी आजवर पाहिलं नव्हतं.

आणि आता वरच्या ऑफिसला ती टक्केवारी फोरमनच्या बोनसला जोडायचीय! माझे तक्ते मागितलेत. मंदार, पुढचं तू डोळे मिटून सांगशील. फोरमन हमखास होणारी कामंच कबूल करतील, आकडा झकास चढेल, अवघड काम कबुलीतच येणार नाही आणि रकाना कोरा पडेल. अडथळा आधी दिसावा म्हणून केलेलं माप माणसं हाकायला वापरायचं? १९५७च्या क्रिटिकल पाथपासून, म्हणजे कामांची सर्वांत लांब साखळी शोधायच्या पद्धतीपासून, आपण कामांच्या तारखा मांडतोय. बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यासक लॉरी कोस्केलानं १९९२मध्ये दाखवलं की कामांच्या मधलं थांबणं, वाट पाहणं, पुन्हा करणं हिशेबातच येत नाही. ते जिथे उमटतं तो एकमेव कागद हे लोक मारायला निघालेत.

तू म्हणशील, ‘बघ, शेवटी दोष आर्किटेक्टचाच!’ नाही रे. सिडनी ऑपेरा हाउसवरून आपण मेसमध्ये ताटं थंड होईपर्यंत भांडलोय, आणि मी अजून तिथेच आहे. छताची भूमिती सुटलेली नसताना १९५९मध्ये काम सुरू करायला लावलं सरकारनं; बांधलेले खांब पुढे त्या छताला पुरेनात. १९६३ला संपायचं ते १९७३ला उघडलं, ७० लाख डॉलरचे १० कोटी २० लाख झाले. आर्किटेक्ट उत्झॉनला घाई नव्हती, घाई दुसऱ्यांना होती. (तू तेव्हा माझी पोळी पळवलीस, तोही मुद्दा बाकी आहे.)

मी ठरवलंय: कारणं द्यायची, फोरमननिहाय टक्केवारी नाही. त्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवून खरं लिहिलंय. मार्गदर्शक म्हणतात, परवानगी काढून घेतील, प्रबंध लटकेल. लटकू दे, असं म्हणतो खरा, पण रात्री झोप लागत नाही.

तुझी बदली झाली का? काकूंचा मोतीबिंदू नीट झाला ना? छोटीला पापा.

तुझ्या साइटवर डिझाइनच्या समन्वय बैठकांची जुनी टिपणं असतील तर नावं खोडून पाठव. वरच्यांसमोर आणखी एका कामाची उदाहरणं ठेवता आली तर बोनसचं खूळ थांबवता येईल. सोमवारी बैठक आहे, त्याआधी फोन कर.

तुझा,
नितीन