पालकमंत्र्यांना खुलं पत्र: विकासाला न लागणारा धूर

मा. पालकमंत्री महोदय,
सोलापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

विमानसेवा सुरू झाली, आता उद्योग येतील, पोरांना पुणं गाठावं लागणार नाही, असं आपण सांगता. येऊ द्या की! विकास थांबवा म्हणणारं हे पत्र नव्हे. विकासाला न लागणारा, टाळता येण्याजोगा धूर तेवढा थांबवा, एवढंच म्हणणं.

जपानी अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी या धुराचा, म्हणजे कार्बन उत्सर्जनाचा हिशोब चार आकड्यांच्या गुणाकारात मांडला: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेमागे निघणारा कार्बन. पहिले दोन वाढणारच. हातात आहेत ते शेवटचे दोन. ब्रिटनची अर्थव्यवस्था १९९० नंतर वाढत गेली, उत्सर्जन मात्र जवळपास निम्म्यावर आलं. (तिथले बरेच कारखाने आशियात आले, हेही विसरायचं नाही.)

आहेरवाडी-फताटेवाडीचा औष्णिक प्रकल्प १३२० मेगावॉटचा. पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण ती वीज बाहेरही जाते, तेव्हा सगळा धूर सोलापूरकरांच्या माथी नको. आमच्या माथी काय येतं ते बघा. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाणी आलं की गल्लीत घरटी मोटार सुरू. शेजाऱ्याने अर्ध्या एचपीची लावली की आपलं प्रेशर जातं, मग आपण एक एचपीची आणतो. हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवायला आणखी एक. रोज नीट दाबाने पाणी आलं असतं तर यातली बरीच वीज लागलीच नसती. यात भरभराट झाली ती मोटारवाल्याची.

रस्त्यावर तेच. शहराबाहेर कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३० हजार घरांची योजना झाली. उत्तम झालं. पण कामं शहराच्या पूर्व भागात नि एमआयडीसीत. पाळीच्या वेळेला बस नसेल तर माणूस हप्त्यावर दुचाकी घेणार, आणि घेतलेली गाडी पुढे बस आली म्हणून कुणी विकत नाही. शहराच्या चारी बाजूंना प्लॉट पडताहेत. तिथेही बस शेवटी, म्हणजे उशिरा.

यंत्रमागांचं दुखणं वेगळं. दिवसपाळीला माग चालतात तेव्हाच ऊन, आणि सोलापूरच्या उन्हाबद्दल मी काय सांगावं! छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान आहे, पण ते घरांसाठी. भाड्याच्या शेडमध्ये चार माग चालवणाऱ्याचं काय? पत्रा मालकाचा, बिल भाडेकरूचं. मालक पॅनेल कशाला बसवेल?

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपणच. पुढच्या बैठकीत दोन विषय घ्या: नव्या वसाहतीत लोक राहायला येण्याआधी पाळीच्या वेळांची बस, आणि भाड्याच्या शेडवरच्या सोलरसाठी मालक-भाडेकरू दोघांना परवडेल अशी योजना. उत्तर जाहीर द्यावं, ही विनंती.

आपला,
पूर्व भागातला एक यंत्रमागधारक