चाकाचा ताबा इंटरनेटकडे नको

माननीय संपादक महोदय,

कमी खर्चात जुन्या ट्रॅक्टरला चालकाविना चालवण्याचे प्रयोग आता अनेक ठिकाणी होत आहेत. मी ऐरोलीत राहतो, अभियांत्रिकीचे विषय शिकवतो आणि मुरबाड तालुक्यातील आमच्या भातशेतीवर काही विद्यार्थ्यांसह असाच प्रयोग करतो आहे. नांगरणीच्या दिवसांत गावात चालक मिळत नाही, ही आमची मूळ अडचण होती.

गेल्या हिवाळ्यात, कापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरात, घरी बसून मोबाइल इंटरनेटवरून ट्रॅक्टरचे सुकाणू फिरवण्याचा आमचा प्रयत्न सुरू असताना रेंज गेली. ट्रॅक्टरने शेवटचा हुकूम पाळला आणि तो बांधावर चढला. शेजारून चालणाऱ्या विद्यार्थ्याने इंजिन बंद करायची कळ ओढली म्हणून अनर्थ टळला. चूक सर्वस्वी आमच्या रचनेची होती आणि ती इतरांनी करू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ताशी 5 किलोमीटर वेगाने चालणारा ट्रॅक्टर सेकंदाला सुमारे 1.4 मीटर पुढे जातो. संदेश पोहोचायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी तो 70 सेंटिमीटर गेलेला असतो. तेवढ्यात नांगराचे तास तर वाकडे होतेच, पण बांधाजवळ उभे असलेले मूलही चाकाच्या टप्प्यात येऊ शकते. म्हणून सुकाणू सांभाळणारा संगणक ट्रॅक्टरवरच हवा. शेताची हद्द आखून देणे, काम सुरू करणे आणि लक्ष ठेवणे एवढेच इंटरनेटकडे असावे. शिवाय जुन्या डिझेल इंजिनाला चालू राहण्यासाठी बॅटरी लागत नाही, त्यामुळे नुसती वीज तोडून ते थांबत नाही. आम्ही आता इंधन बंद करणाऱ्या कळीला स्प्रिंग लावली आहे आणि ती विद्युतचुंबकाने रोखून धरली आहे. वायर तुटली किंवा यंत्रणेतील संगणक अडकला, की चुंबक सुटतो आणि स्प्रिंग इंजिन बंद करते. हा भाग सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत आधी बसवायला हवा.

दुसरा प्रश्न अचूकतेचा आहे. साध्या जीपीएसची चूक काही मीटरपर्यंत असते, आणि आमच्याकडे पाच-दहा गुंठ्यांच्या खाचरांत ती चालणार नाही. ठरावीक जागी बसवलेल्या दुसऱ्या जीपीएस रिसीव्हरकडून स्थानाची दुरुस्ती मिळाली, तर ही चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. आम्ही असा रिसीव्हर घराच्या छपरावर बसवला असून त्याची दुरुस्ती रेडिओवरून घेतो, म्हणजे रेंज नसतानाही काम अडत नाही. कॅनडातील शेतकरी ब्रायन टिशलर यांनी सुरू केलेली ‘एजी-ओपन-जीपीएस’ ही ट्रॅक्टरला आखलेल्या रेषेवर चालवणारी, कोणालाही वापरता येणारी मुक्त संगणक प्रणाली आम्हाला फार उपयोगी पडली. मात्र तिची घडण मोठ्या शेतांसाठी झालेली आहे, त्यामुळे अरुंद खाचरात वळण कसे घ्यायचे, हे आम्हाला स्वतःच बसवावे लागले. चिखलणीत चाके घसरतात, तिथे आमचे गणित अजून जुळलेले नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ‘कॉर्स’ केंद्रांच्या, म्हणजे ठरावीक जागी कायम चालू असणाऱ्या अशाच रिसीव्हरांच्या, जाळ्यातून अशीच दुरुस्ती मिळू शकते. ती लहान शेतकऱ्यांच्या गटांना विनामूल्य मिळावी आणि रायगड जिल्ह्यातील कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात अशा घरगुती यंत्रणांच्या चाचणीसाठी कुंपण घातलेले एक खाचर राखून ठेवावे, अशी माझी संबंधितांना विनंती आहे. आपोआप बंद होण्याची चाचणी तिथे उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणताही ट्रॅक्टर माणसाविना शेतात सोडला जाऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई