ताई, फंक्शनलाच विचारायला शिकवलंत त्याबद्दल मनापासून थँक्यू

ताई, त्या दिवशी घाईघाईत नीट आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

दोन दिवस मी त्या एका फंक्शनपायी डोकं धरून बसलो होतो. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं, यादीत नाव जोडणारं साधं फंक्शन, पहिलं आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायची व्हॅल्यू) नाव, दुसरं यादी, आणि यादीचं डिफॉल्ट, म्हणजे काही दिलं नाही तर वापरायची व्हॅल्यू, रिकामी लिस्ट. पहिल्या कॉलला बरोबर, दुसऱ्या कॉलला आधीचं नाव पण त्यातच, आणि मी आपला डेटाबेस तपासतोय, कॅशे उडवतोय, जिथे चूक नव्हतीच तिथे सगळीकडे शोधून झालं. तुम्ही एवढंच म्हणालात, "अरे फंक्शनलाच विचार ना, त्याच्याकडे डिफॉल्ट काय आहे ते." मग फंक्शनच्या नावापुढे डॉट, दोन अंडरस्कोर, डिफॉल्ट्स, परत दोन अंडरस्कोर असं टाईप करायला लावलंत. डिफॉल्ट्सच्या टपलमध्ये, म्हणजे कंसात दाखवलेल्या संचात, रिकामी लिस्ट दिसली. एक कॉल केला, तर त्याच लिस्टमध्ये एक नाव, अजून एक केला तर दोन! डिफॉल्ट व्हॅल्यू डेफची (फंक्शन बनवणारी) ओळ चालते तेव्हा एकदाच तयार होते, दर कॉलला नवी होत नाही, हे मी वाचलेलं होतं हो, पण ती लिस्ट डोळ्यासमोर भरताना बघितली तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. डिफॉल्टला नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवलं, आत नवी लिस्ट बनवली, झालं काम.

वर तुम्ही पायथनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलचं सिग्नेचर पण दाखवलंत, ते फंक्शन कोणती आर्ग्युमेंट्स घेतं ते सांगतं. त्यात मला सगळ्यात आवडलं ते एम्प्टी, ही डिफॉल्ट नसल्याची खूण, म्हणजे डिफॉल्ट नन दिलंय की डिफॉल्ट दिलेलंच नाही हा फरक त्यातून स्पष्ट कळतो, मी दोन्ही एकच धरून चाललो होतो. आणि माझ्या डेकोरेटरमुळे (फंक्शनला बाहेरून गुंडाळणारं दुसरं फंक्शन) सिग्नेचरमध्ये खऱ्या नावांऐवजी 'कुठलीही आर्ग्युमेंट्स' अशा अर्थाचं नुसतं आर्ग्ज, क्वार्ग्ज दिसत होतं, तिथे फंकटूल्स मॉड्यूलमधलं रॅप्स लावायला सांगितलंत आणि खरी आर्ग्युमेंट्स लगेच दिसायला लागली.

तुम्ही स्वतः कीबोर्डला हात लावला नाहीत, सगळं माझ्याकडूनच करून घेतलंत, त्याचं मोल मला आता कळतंय. परवा एक जुनी स्क्रिप्ट पायथन ३.११ वर चालेना, कारण त्या व्हर्जनपासून गेटआर्गस्पेक, म्हणजे इन्स्पेक्टमधलं आर्ग्युमेंट्स सांगणारं जुनं फंक्शन, काढूनच टाकलंय. त्याजागी सिग्नेचर वापरून माझं मीच दुरुस्त केलं, आणि स्क्रिप्ट चालली तेव्हा आधी तुमचीच आठवण आली.