तुझ्या सैतानाबद्दल

नाशिक रोड

प्रिय मित्रा,

सलाम. तुझी कथा एका दमात वाचली. हसलो, मग वैतागलो. अरे, तुझा सैतान फारच राबतो! वाइनरीत पोरांना पाजतो, गोदाकाठी जुगार लावतो, रात्री कॉलेज रोडवर हिंडतो. एवढी यातायात कशाला?

आणि काका-पुतण्या भुतांचा पत्रव्यवहार तर सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकाने 1942 सालीच 'द स्क्रूटेप लेटर्स' या पुस्तकात करून ठेवलाय, तो साचा सोड. त्याच्याकडून एवढंच घे: बाहेर महायुद्ध पेटलंय, पण त्याच्या थोरल्या भुताचा भरवसा मायलेकांच्या रोजच्या कुरबुरीवर जास्त.

तुझ्या सैतानाला नाताळाआधीच्या क्वायर प्रॅक्टिसला बसव ना. पेटी कुणी वाजवायची यावरून दोन घरं अबोल झालेली. एक मावशी डोळे मिटून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हणतायत, आणि मधेच एक डोळा किलकिला करून कीबोर्डवाल्या पोराकडे बघतायत. पोरगा तालात चुकला की त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरते, ती पाळकसाहेबांच्या आशीर्वादानेही पसरत नाही! सैतानाने फक्त मागच्या बाकावरून 'आमेन' म्हणायचं.

शिवाय त्याला वचनं पाठ हवीत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून चक्क 91वं स्तोत्र ऐकवतो. तुझा मात्र बायबल दिसलं की पळतो. पटत नाही. आपल्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत कुणी कुठलं वचन कुणाला मारलं, ते तू आणि मी दोघांनी ऐकलंय. आणि त्याला एवढा मालकी थाटही देऊ नकोस. बायबलातल्या ईयोबाला छळायला त्याला देवाकडून परवानगी घ्यावी लागली होती. साहेबाच्या सहीसाठी ताटकळणारा कारकून म्हणून लिही, खरी गंमत तिथे आहे.

खरी तक्रार पुढेच. तुझ्या कथेत मोहात पडतात ते सगळे शेजारीपाजारी. वाचताना मीही 'हा अमका, ही तमकी' करत माणसं ओळखत होतो आणि मला फार बरं वाटत होतं. सैतानाला आणखी काय हवं? सगळ्यांचं ढोंग आपण कसं पकडलं म्हणून खूश होऊन लिहिणारा लेखकच त्याचं पहिलं गिऱ्हाईक कर. तुझं नाव घालायला लाजत असशील तर माझं घाल, मी वाईट वाटून घेणार नाही. (म्हणजे, फार नाही.)

नवा खर्डा फेब्रुवारीत बाल येशूच्या यात्रेआधी पाठव. यात्रेला आलास तर माझ्याकडेच उतर. वहिनींना सलाम.

तुझा,
जुना सोबती