अख्खी कोकण रेल्वे नको, आधी एक क्रॉसिंग जमवा

संपादक साहेब, नमस्कार.

दहावीच्या निकालानंतर तुम्ही सुट्टीतल्या क्लासेसची पुरवणी काढलीत, कोडिंग काय, रोबोटिक्स काय, फी वाचूनच घाम फुटला, आणि इकडे सावर्ड्याला आमचा पुतण्या ट्रेन सिम्युलेटरवर फुकटात तेच शिकत बसलाय म्हणून हे पत्र.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे गाडी चालवायचा गेम, एवढंच मलाही वाटायचं. पण त्यात नवीन इंजिन-डबे घालता येतात, ते मॉडिंग, आणि कुठली गाडी कधी सुटणार, समोरून कोण येणार, ऊन की पाऊस हे आपणच रचायचं, त्याला अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा २००१ सालचा जुना गेम होता ना, त्याच्यासाठी बनवलेले रूट (म्हणजे रूळ, स्टेशनांसकट अख्खा मार्ग) आणि गाड्या चालवणारं ओपन रेल्स नावाचं सॉफ्टवेअर आता फुकट मिळतं.

आता चूक सांगतो, कारण आपल्याकडचं प्रत्येक पोर हीच करणार. पठ्ठ्याने पहिल्याच दिवशी रोहा ते ठोकूर, म्हणजे अख्ख्या कोकण रेल्वेचे रूळ टाकायला घेतले! खऱ्या माणसांना डोंगर फोडून १९९८ ला गाडी सुरू करायला सात-आठ वर्षं लागली आणि हा मे महिन्यात उरकणार होता, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा राहिला लांब, कोलाडसुद्धा आलं नाही.

मग रूट तयारच घेतला, एकेरी लाईनचा, आणि फक्त एक क्रॉसिंग, म्हणजे एक गाडी थांबवून समोरची जाऊ द्यायची, एवढंच करायचं ठरवलं. आपल्याला ते काय नवीन, गणपतीत गावी येताना कुठल्यातरी स्टेशनात गाडी अर्धा तास उभी असते तेच. आधी आपल्या गाडीचा रस्ता आखायचा, मग रेक, म्हणजे इंजिन-डब्यांची रांग, जोडायचा, मग समोरच्या गाडीचा रस्ता आणि वेळ. पहिल्यांदा दोन्ही गाड्या एकाच लाईनवर समोरासमोर आल्या, सिग्नल लाल तो लालच, तासभर. मग कळलं की एकीचा रस्ता लूपमधून, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावरून, काढून तिथे थांबा द्यायला हवा, आणि वेळ मिनिटांवर जुळवायला हवी. स्टेशन मास्तर काय करतो ते मला पन्नाशीत कळलं. ऋतू निवडायला गेलं तर वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा, पावसाळा नाहीच (साहेबाचा गेम), म्हणून उन्हाळा ठेवून हवामानात पाऊस टाकला आणि ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही हे त्याने स्वतःच ठरवलं, आपल्याकडे धो धो पावसात तसंच चालवतात ना.

इंजिनाची फाईल नोटपॅडमध्ये उघडते, ताकद, ब्रेक सगळं आकड्यांत लिहिलेलं. पण मूळ फाईलला हात लावू नका, फोल्डरची कॉपी करून तीच बदला, आणि सेव्ह करताना युनिकोडच (अक्षरं साठवायची पद्धत) ठेवा, नाहीतर घोळ होऊ शकतो, आमचे दोन दिवस त्यात गेले. एका वेळी एकच आकडा बदलायचा, म्हणजे बिघडलं कशाने ते सापडतं. आणि दुसऱ्याने मेहनतीने बनवलेलं इंजिन रंग बदलून आपलं म्हणून वाटत सुटू नका, सोबतच्या रीडमी फाईलमध्ये परवानगीचं लिहिलेलं असतं ते कोणी वाचतच नाही.

माझी मागणी एवढीच की पुढच्या पुरवणीत अर्धं पान याला द्या, आणि मराठीत द्या. पोरांना लूप, सिग्नल, रेक सगळं समजतं हो, अडतात ती इंग्रजी सूचनांपाशी.

परवा त्याची अ‍ॅक्टिव्हिटी एकदाची पुरी झाली, लूपमध्ये ११ मिनिटं थांबायचं, मालगाडी जाऊ द्यायची, मग निघायचं. पहिला मान काकाचा म्हणून मला बसवलं आणि मी नवव्या मिनिटाला कंटाळून लाल सिग्नल ओलांडला. पुतण्या अजून हसतोय.

आपला,
सावर्ड्याचा एक वाचक