सर्वांत शेवटची सायकल

पुणे,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय मैत्रिणी,
सप्रेम नमस्कार.

सायकल घेतलीस! तुझं पत्र दोनदा वाचलं आणि आजची राइड, अंघोळ, जेवण उरकून लगेच लिहायला बसले. फोनवर बोलता आलं असतं, पण तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर फोनवर नीट देता येणार नाही. तू म्हणतेस, सायकल तर एकटीलाही निवांत चालवता येते. मग पहाटे उठून, इतक्या जणांच्या वेळा सांभाळत, घोळक्यात कशाला जायचं?

पहिलं उत्तर म्हणजे अंधार. पुण्याच्या बाहेर पडून मोकळा रस्ता गाठायचा तर साडेपाचच्या आत निघावं लागतं, आणि या दिवसांत तेव्हा मिट्ट काळोख असतो. येवलेवाडी मागे पडली की रस्त्यावरचे दिवे कमी होत जातात आणि बोपदेव घाट सुरू होतो. त्या वेळी त्या रस्त्यावर मी एकटी गेले नसते आणि घरच्यांनी जाऊ दिलं नसतं. त्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण पुढे-मागे पंधरा-वीस लाल दिवे लुकलुकत असले की तोच रस्ता वेगळा होतो. आपल्या आया शिकत होत्या तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पदर खोचून, दप्तर कॅरियरला लावून त्या कॉलेजला जायच्या, पण त्या दिवसाउजेडी. पहाटेचा घाट त्यांच्याही वाट्याला आला नाही. तो मला मिळाला तो या घोळक्यामुळे, आणि हे मी कधी विसरणार नाही.

आता आम्ही नेमकं काय करतो ते सांगते. शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो: कुठून निघायचं, किती वाजता, कुठे कुठे थांबायचं. माझी सगळ्यांत आवडती फेरी कोंढव्यातून बोपदेव घाट चढून सासवड, तिथून नारायणपूर, कापूरहोळ आणि कात्रजचा जुना बोगदा ओलांडून परत पुण्यात. 80 च्या वर किलोमीटर होतात. निघताना दोन माणसं ठरतात. एक लीड, म्हणजे सगळ्यांत पुढचा. दुसरा स्वीप, म्हणजे सगळ्यांत मागचा. मधल्या कुणी लीडच्या पुढे जायचं नाही आणि स्वीपनं कुणाच्याही पुढे जायचं नाही. सगळी राइड या एवढ्यावर चालते.

नवख्यांना वाटतं, लीड महत्त्वाचा. मला विचारशील तर स्वीपच. आमच्याकडे बहुतेक वेळा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका स्वीप असतात. वयानं सगळ्यांत मोठे, आणि मनात आणलं तर घाट बऱ्याच जणांच्या आधी चढतील असे. पण ते शेवटच्या सायकलच्या मागे दहा-बारा फुटांवर राहतात. शेवटची बाई उतरून चालायला लागली की तेही उतरून चालतात. बोलत नाहीत फारसं. "चला ताई, दम खा, वर सगळे थांबलेत," एवढंच. आणि वर सगळे खरोखर थांबलेले असतात. घाटमाथ्यावर आम्ही एकत्र जमतो आणि शेवटची सायकल आल्यावर लगेच निघत नाही. तिला पाणी पिऊ देतो, श्वास खाली बसू देतो. जो शेवटी पोचतो त्यालाच विश्रांतीची गरज जास्त असते, आणि नेमकी त्यालाच ती मिळत नाही, असं बऱ्याच ग्रुपांत होतं. मी आधी एका अशा ग्रुपबरोबर जात होते. पुढचे भन्नाट निघून जायचे, नाक्यावर चहा पिऊन झालेला असायचा, आणि मागचे पोचले की "चला, उशीर झाला" म्हणून पुन्हा पायडलवर पाय. तिथं मी जाणं बंद केलं. एकाच रस्त्यावर एकाच दिवशी सायकल चालवली म्हणून कुणी सोबत केली असं होत नाही.

घोळक्यात चालवायची एक भाषाही असते, हातांची आणि ओरडण्याची. पुढच्याला खड्डा दिसला की तो त्या बाजूचा हात खाली करून बोटानं जमीन दाखवतो आणि "खड्डा!" म्हणतो. त्याच्या मागचा तेच करतो, त्याच्या मागचाही. उभी गाडी किंवा कडेनं चालणारी माणसं असली तर हात पाठीमागे नेऊन कमरेपाशी हलवायचा, म्हणजे हात ज्या बाजूला हलतो त्या बाजूला मागच्यांनी सरकायचं. थांबायचं असलं तर तळहात मागे करून पंजा उघडा. मागून ट्रक आला तर स्वीपची हाक येते, "गाडी!", आणि ती एकेका तोंडातून लीडपर्यंत पोचते. तू पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ असतेस तेव्हा तुला रस्ता दिसतच नाही, त्याची पाठ दिसते. त्याच्या बोटावर विश्वास ठेवूनच चालवावं लागतं. म्हणून खड्डा न दाखवणाऱ्याला आमच्यात पुढे ठेवत नाहीत.

सासवडपर्यंत भिवरी, चांबळी, हिवरे अशी गावं लागतात आणि तोवर उजाडलेलं असतं. पुरंदरच्या या पट्ट्यात सीताफळं आणि अंजिरं. अंजिरांना तर 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आज कडेला पाट्या मांडून सीताफळं विकत होते. आम्ही कऱ्हेच्या काठी चहा-पोहे घेतले आणि निघणार तेवढ्यात नव्यानं आलेल्या एका मुलीचं मागचं चाक बसलं. ती कावरीबावरी झाली, "तुम्ही जा, मी टेम्पो बघते" म्हणाली. कुणी हललं नाही. काकांनी सायकल उलटी केली, चाक काढलं, आणि दोन लिव्हर, म्हणजे टायर उचकटायच्या पट्ट्या, तिच्याच हातात दिले. टायरची एक कड रिमवरून सोडवायला तिला शिकवलं. ट्यूब बाहेर आल्यावर नवी घालायची घाई केली नाही. आधी टायरच्या आतून बोट हळूहळू फिरवायला सांगितलं, अगदी संथपणे, कारण आत जे असेल ते बोटातही जाऊ शकतं. सापडली ती केसाएवढी लोखंडी तार. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या अशा बारीक तारा रस्त्यावर पसरतात. ती न काढता नवी ट्यूब घातली असती तर दोन किलोमीटरवर तीही गेली असती. नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून घेतली, म्हणजे ती आत मुरगळत नाही. मग टायरची कड अंगठ्यांनी बसवली, लिव्हरनं नव्हे. लिव्हरनं बसवताना ट्यूब चिमटली जाते. चाक फिरलं तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

नारायणपूरपर्यंत पुरंदर आणि वज्रगड समोर उभे असतात. थकलेल्या पायांना त्या दोन गडांकडे बघून बळ येतं, निदान मला तरी. देवळात दर्शन घेऊन पुढच्या उताराला लागताना लीड सगळ्यांना एकदा बजावतो: अंतर वाढवा, वळणावर कुणाला ओलांडू नका, दोन्ही ब्रेक वापरा.

वाऱ्याचंही सांगायला हवं, कारण तुझ्या प्रश्नाचं दुसरं उत्तर त्यात आहे. सपाटीवर जरा वेगानं जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो. पण कुणाच्या तरी मागे, सायकलभर अंतर ठेवून चाललं की तो भार बराच हलका होतो. म्हणून मोकळ्या माळावर वारा समोरून आला की आम्ही एका रांगेत येतो. पुढचा दोन-तीन मिनिटं वारा अंगावर घेतो, मग हात करून बाजूला होतो, हळू होतो आणि रांगेच्या शेपटाला लागतो. दुसरा पुढे येतो. दमलेल्यानं पुढे यायलाच हवं असं नाही, तो मागेच राहिला तरी चालतं. एकटीनं जे अंतर मला झेपलं नसतं ते असंच झेपलं. आणि हो, नारळावर चढलेल्या माणसासारखी घट्ट पकड नको हँडलवर. खांदे सैल, कोपरं किंचित वाकलेली, म्हणजे धक्का हातात मुरतो आणि शेजारच्याला लागत नाही.

तू मेडलांचंही विचारलंस. बीआरएम नावाच्या लांब राइड असतात, पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी आपल्याकडेही होतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. पंक्चर, चहा, झोप सगळं त्याच वेळेत, कारण घड्याळ थांबत नाही. एका हंगामात चारही केल्या तर 'सुपर रँदोनर' म्हणतात. या मांडणीतली थोर गोष्ट म्हणजे ती शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत आलेले सगळे सारखेच. याच परंपरेतली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही राइड दर चार वर्षांनी होते, मागची 2023 मध्ये झाली. जिथं नंबर नसतो तिथं माणूस दुसऱ्याच्या पंक्चरसाठी थांबतो. पण तुला आत्ता त्याची घाई नको. तुझ्यासाठी मला त्याहून जवळचं वाटतं ते सायकलवारीचं. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची पंढरपूरची सायकलवारी तुला माहीत असेल. सांगलीहून तर पंढरपूर फार लांब नाही.

आता तुझ्या सांगलीचं. तू लिहितेस, "इथं असा ग्रुप माझ्या ओळखीत नाही." मग तूच सुरू कर, चार बायकांनी सुरू कर. तुमच्याकडे घाट नाहीत, हे नवशिक्यांसाठी वरदान आहे. पहिल्या रविवारी हरिपूर. अंतर थोडं, वाटेत हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांच्या जागा, शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. परत येऊन चहा. सवय झाली की अंकली, जयसिंगपूर, शिरोळ करत नरसोबाची वाडी, एका बाजूला वीस-पंचवीस किलोमीटर. तिथं दत्ताचं दर्शन आणि कवठाची बर्फी. अंकलीपाशी वाहनं बेसुमार असतात, तिथं गप्पा बंद आणि एकच रांग.

पण एका गोष्टीची मला खरंच धास्ती वाटते, म्हणून नीट वाच. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालंय. पहाटे ऊस भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि उसाच्या मोळ्या बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या असतात. अंधारात ते समोर येईपर्यंत कळत नाही. तेव्हा हंगाम संपेपर्यंत तांबडं फुटल्यावरच निघा. इथला माझा साडेपाचचा नियम तिथं लावू नका. ट्रॉलीच्या मागोमाग वाऱ्याच्या आडोशाला जायचा मोह होईल, शाळेत असताना मुलं तिला धरून जायची ते आठवतं ना? अजिबात नको. रस्त्यावर पडलेला ऊस बारीक टायरखाली आला तर गरगर फिरतो आणि सायकल आडवी होते. तो दिसला की हातानं दाखवा आणि सरळ रेषेत ओलांडा, ऐन वेळी हँडल वळवू नका. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, हे नसेल तिला प्रेमानं पण ठामपणे घरी पाठवायचं. वाईटपणा येईल. तो घे.

आणि पहिल्याच दिवशी स्वीप ठरव. तुमच्यात जी सगळ्यांत चांगली चालवते तिला मागे ठेव. हे तिला सुरुवातीला आवडणार नाही, पण तुमचा ग्रुप टिकेल की नाही ते त्यावर ठरेल. आपल्या वयाच्या बायका सायकल सोडतात ती बहुधा पाय दुखतात म्हणून नाही. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं, ही लाज त्यांना पुरेशी होते. त्यांच्यासाठी कुणीतरी ठरवून मागे आहे हे त्यांना निघण्याआधीच माहीत हवं.

सीटची उंची बघितलीस का? पायडल अगदी खाली असताना टाच टेकवून पाय सरळ व्हायला हवा, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. दुकानदार बुटकी ठेवून देतात आणि मग गुडघे बोलतात.

काकांना तुझं सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यांना मिरजेला भाचीकडे यायचं आहे, तेव्हा तुमच्या चौघींना पंक्चर काढायला शिकवून जाईन म्हणाले. मी येण्याचा प्रयत्न करते, माझी सायकल रेल्वेनं आणता येते का ते बघते. तोवर तुझ्या टायरच्या कडेवर जे आकडे छापलेले असतात ते कळव, आणि व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक तेही. त्यानुसार दोन जास्तीच्या ट्यूब काकांबरोबर पाठवते.

घरी सर्वांना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझीच,
पुण्याची मैत्रीण